पाण्याला सांगून

मनसारामला पाण्यात पाय टाकायचा असला की तो आधी पाण्याला सांगतो. सांगतो म्हणजे काय, तर वाकतो, उजव्या हाताचा पंजा पसरतो आणि पाण्यावर एक चापट मारतो. फार जोरात नाही, झोपाळू पोराच्या पाठीवर मारावी तेवढीच. मग थोडा थांबतो आणि मगच उतरतो.

हे त्याचं एकट्याचं खूळ नव्हे. प्राणहितेच्या काठावर चिचघाट नावाचं त्याचं गाव आहे, तिथला मासेमार ढिवरांचा अख्खा मोहल्ला असंच करतो. आंघोळीला उतरायचं तरी चापट, डोंगा लोटायचा तरी चापट, जाळं फेकायचं तर आधी हमखास चापट. म्हातारी माणसं सांगायची, आपण नदीच्या घरात चाललो, दाराची कडी वाजवायला नको? आणि त्यात एक न्यायही होता. चापट ऐकून मासा सावध होतो. ज्याला पळायचं त्याने पळावं, उरेल तो आपला. आता शहाणी माणसं विचारतील की असं सांगून सवरून जाळं टाकल्यावर ढिवराने खायचं काय? पण पूर्वी नदीच तशी होती. निम्मे पळाले तरी पाटी भरायची.

पुढे नदी तशी राहिली नाही. वरच्या अंगाला रेतीचे ट्रक उतरू लागले. कुठले कुठले लोक रात्रीबेरात्री येऊन डोहात जिलेटीन फोडून जाऊ लागले. एका धमाक्यात डोह पांढरा व्हायचा. हाताला लागतील तेवढे मासे ते न्यायचे आणि बाकीचे तसेच कुजायचे. या लोकांना पाण्याला सांगायची गरज कधी वाटली नाही. त्यात सगळ्यात आधी गेला तो महाशीर. सोनेरी, पंज्याएवढ्या खवल्यांचा, माणसाच्या मांडीएवढा होणारा मासा. मनसाराम त्याला खवल्या म्हणायचा. लहानपणी डोहाच्या काठावरचं उंबर पिकलं की खाली खवल्यांची जत्रा भरायची, एकेक फळ पाण्यात पडायचा अवकाश. अलीकडे उंबरं पडायची, फुगायची आणि वाहून जायची.

म्हणून मुलचेऱ्याच्या रस्त्याला, एका जुन्या मत्स्यबीज केंद्राच्या जागेत, पुनम मॅडमने टाक्या बांधून घेतल्या. ही चंद्रपूरची पोरगी मासे शिकली होती आणि त्या शिक्षणाचा तिला भलताच सोस होता. नदीत खवल्या संपण्याआधी उरलेले धरून टाकीत ठेवायचे, तिथे त्यांची पिल्लं काढायची, वाढवायची आणि नदी जरा शांत झाली की परत सोडायची, असा तिचा बेत. धरायला माणूस हवा होता. चिचघाटात ज्याला त्याला विचारलं तर सगळ्यांनी मनसारामचं नाव सांगितलं. तो आला, त्याने आठ-दहा मासे धरून दिले, आणि मग त्यांना सोडून घरी जाववेना म्हणून तिथेच कामाला राहिला.

त्या माशांत एक मादी होती. जिलेटीनने तिचा डावा डोळा गेलेला, ओठ फाटलेला. मनसारामने तिचं नाव बुढी ठेवलं. बुढी टाकीत आली आणि तिने खाणं सोडलं. कोंडा-ढेपेचे गोळे टाकले, किडे टाकले, ती भिंतीला आंधळी बाजू लावून तळाशी पडून राहायची. मॅडम सुया टोचून थकली. शेवटी मनसाराम सायकल मारत डोहावर गेला आणि पिशवीभर उंबरं घेऊन आला. टाकीत उतरून तिच्याजवळच ठेवावीत म्हणून तो वाकला. वाकल्यावर हात आपोआप गेला. एक चापट. मग उतरला आणि फळं सोडली. बुढीने एक उंबर तोंडात घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चापट, पुन्हा उंबर. हळूहळू बुढी चापटीची वाट पाहू लागली. चापट पडली की तळातून सोनेरी काहीतरी उठायचं, त्याच्या पंज्याशी यायचं आणि फाटका ओठ बोटांना लावायचं. पुढे तिची अंडी काढली, पिल्लं झाली. पिल्लांच्या टाकीतही मनसाराम चापट मारूनच खाणं सोडायचा. दुसऱ्याच्या घरात न सांगता कसं शिरायचं? बोटाएवढी पिल्लं वीतभर झाली आणि चापटीसरशी पाणी सळसळून येऊ लागलं. मॅडमला त्याचं कोण कौतुक! साहेब लोक पाहायला आले की ती म्हणायची, "मनसाराम भाऊ, बोलवा ना आपल्या लेकरांना." तो चापट मारायचा, मासे तोंडं वासून वर यायचे, साहेब लोक मोबाइल काढायचे. मनसारामही मनातून फुलायचा. सगळ्यांना सगळं छान वाटत होतं, हेच तर वाईट झालं.

दिवाळीनंतर पाणी निवळलं तेव्हा पहिली तुकडी सोडली. ओळख पटावी म्हणून प्रत्येकाच्या पंखाचा एक कोपरा कातरलेला. चिचघाटाने ग्रामसभेत ठरवलं की डोहात जाळं टाकायचं नाही. आणि गावाचं कौतुक करायला हवं, शब्द पाळला. मनसारामने बादल्या स्वतः पाण्यात कलत्या केल्या. घरी येताना तो गुणगुणत होता असं त्याची बायको गोकुळा सांगते. लग्न झाल्यापासून त्याचा सूर तिने पहिल्यांदा ऐकला आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही असंही सांगते.

गोकुळा मुलचेऱ्याच्या बाजारात मासळी विकते. तिथे गिऱ्हाईक सगळं आसपासच्या बंगाली निर्वासितांच्या गावांतलं. ही माणसं माशाचे कल्ले उघडून पाहिल्याशिवाय भाव विचारत नाहीत, त्यामुळे तिथे बसणारीला मासळीची पारख असावीच लागते. त्या दिवशी तिच्या शेजारी तिची पुतणसून भाग्यश्री, म्हणजे पुतण्या धनराजची बायको, बसली होती. भाग्यश्रीच्या पाटीत वीतभर सोनेरी मासे होते आणि प्रत्येकाच्या पंखाचा एक कोपरा कातरलेला होता.

गोकुळाने त्यातला एक मासा विकत घेतला. संध्याकाळी घरी आली, पळसाच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी नवऱ्यासमोर ठेवलं.

"हे का आणलं?" मनसारामने विचारलं.

"तुमचं लेकरू."

त्याने पान उघडलं आणि तसंच मिटलं. "कोनं मारलं?"

"आपल्या धनराजनं. डोहात नाई, घाटावर. भाग्यश्री हासून हासून सांगून राह्यली होती. चापट मारली का सारे जमा होतेत म्हणे, तोंड वासून. जाळं नाई टाकलं तरी चालते, टोपल्यानं उचला."

"खोटं हाये. चापट आयकून मासा पयते."

"नदीतला पयते," गोकुळा म्हणाली. "तुमचा काऊन पयल? म्या पाह्यलं नाई का तिथी? आधी चापट, मंग खानं. दोन वर्स तेच शिकवलं तुमी."

 मनसारामला राग आला, पण तो बायकोवर होता का धनराजवर हे त्यालाच कळेना. गोकुळाने मासा रांधला. मेलेल्याला रांधायचं नाही तर काय पुजायचं, असं म्हणत रांधला. मग ताटं वाढली आणि दोघांनीही भात तेवढा खाल्ला.

सकाळी तो घाटावर गेला. धनराज त्याच्या धाकट्या भावाचा मुलगा, मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष, दोन लेकरांचा बाप. खांद्यावर फेकजाळं घेऊन तो आधीच उभा होता. मनसाराम त्याच्याशी न बोलता पाण्याजवळ गेला, वाकला आणि त्याने चापट मारली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटत होतं की कुणी येऊ नये.

ते आले. डोहाकडून पाणी चिरत आले, एकमेकांवर चढत आले आणि त्याची बोटं चोखू लागले.

"पाहा मोठेबाबा," धनराज मागून म्हणाला. त्याच्या आवाजात टिंगल नव्हती, अभिमानच होता. "तुमी शिकवलेले किती हुशार हायेत."

"जाळं खाली ठेव."

"काऊन? डोहात टाकलं का मी? घाटावर टाकून राह्यलो. अन् पाण्याले सांगून टाकतो. पयाचं त्यानं पयावं, उरला तो आपला. हे तुमीच शिकवलं मले."

"अरे, त्याहीले सांगनं समजतच नाई ना बाबू! त्याहीले वाटते जेवाले बोलावलं!"

धनराजने क्षणभर विचार केला. "मंग चूक कोनाची झाली?" त्याने विचारलं, आणि खरंच विचारलं, काकाला टोचायला नव्हे.

 मनसारामने काठावरचा गोटा उचलून पाण्यात मारला. मासे फुटले, दोन हात लांब गेले आणि परत आले. त्यांना वाटलं आज उंबर जरा मोठं आलंय. त्याने दुसरा मारला, तिसरा मारला. एकाच्या डोक्याला लागला, तो उलटा होऊन वाहत गेला, आणि बाकीचे त्याच्या मागे गेले, काय खायला मिळतंय ते पाहायला.  धनराजने जाळं गुंडाळलं. "मी नाई टाकत," तो म्हणाला. "पन घाट मायाच एकट्याचा हाये का? पलीकडच्या काठाचेही येतेत."

होळीच्या आतच पहिली तुकडी संपली. कुणी नियम मोडला नाही, कुणी चोरी केली नाही. सगळ्यांनी रीतीने, पाण्याला सांगून मासे धरले.

मनसारामने मॅडमला सांगायला बरेच दिवस लावले. रोज सकाळी ठरवायचा आणि रोज संध्याकाळी सायकल काढायचा. सांगितलं तेव्हा ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती टाकीच्या कठड्यावर बसली. मग म्हणाली, "चूक तुमची एकट्याची नाही भाऊ. पाहुण्यांसमोर तमाशा मीच करवत होते. शिकलेली तर मी होते."

तिने वर कळवलं. वरून उत्तर आलं की दुसरी तुकडी सोडू नये. मासे माणसाळले आहेत. केंद्रातच ठेवावेत, लोकांना पाहायला बरे. झालं. म्हणजे टाकीत जन्मायचं, टाकीत फिरायचं आणि टाकीत मरायचं. अशाला वाचवणं म्हणायचं तर लोणच्यालाही आंब्याची बाग म्हणायला हरकत नाही.

मनसाराम त्या टाकीकडे पाहत उभा राहिला. खाली दुसरी तुकडी गोल गोल फिरत होती. त्याची सावली पाण्यावर पडली आणि सगळी सावलीखाली गोळा झाली.

"मॅडम," तो म्हणाला, "म्या शिकवलं, मीच भुलवतो, इसराले लावतो. पावसाळ्यापर्यंत मले द्या. मंग तुमी पाहा. मायाजवळ आले तं ठेवा इथीच."

"भुलवणार कसं?"

"भेव घालून. आनखी कसं?"

मॅडमला ते पटायला वेळ लागला, पण दुसरा उपाय तिच्याकडेही नव्हता. खाणं आता पलीकडच्या टोकाहून, पाइपातून, माणूस दिसणार नाही असं सोडायचं ठरलं. बुढीला मागच्या गोल टाकीत हलवलं. एका डोळ्याने ती नदीत जगणार नव्हती, तिचं सगळं आयुष्य इथेच जायचं होतं. मॅडम म्हणाली, "तिला कुठे जायचंय? तिला राहू द्या तशीच, तुमची." ते ऐकून मनसारामला फार बरं वाटलं. सगळी परकी झाली तरी एक उरेल.

मग त्याने सुरू केलं. वाकायचं, चापट मारायची, मासे धावत यायचे, आणि ते अगदी बोटांशी आले की बांबूने पाणी झोडपायचं. मग जाळं. जाळ्यात घेऊन वर काढायचं, वाऱ्यावर धरायचं, कल्ले उघडझाप करून थकेपर्यंत, आणि मग पाण्यात आपटायचं. ज्या माणसाने बैलालाही कधी शिवी दिली नाही तो माणूस माशांना आईबहिणीवरून शिव्या घालू लागला. मॅडमच्या ऑफिसात ऐकू जायच्या, ती खिडकी लावून घ्यायची. शिव्यांनी मासे भीत नसतात हे त्यालाही कळत होतं. पण गप्प राहून त्याला हात उचलवत नव्हता.

पहिले काही दिवस ते परत परत येतच राहिले. मार खाल्लेले, खवले गेलेले, तरी चापटीला येत. त्याला ते बघवेना. काही मेले. मेलेले तो बांधावर नेऊन पुरायचा आणि मोजायचं टाळायचा. घरी आल्यावर हात धुवायचा, जेवायला बसायचा, पुन्हा उठून हात धुवायचा.

"सोडून द्या ना जी," गोकुळा म्हणाली. "दुसरा कोनी करन."

"दुसऱ्यानं केलं तं दुसऱ्याले भेतीन. माया हातानं शिकले, माया हातालेच भ्याले पायजेन."

बुढीकडे तो सुरुवातीला रोज जायचा. पण बांबू ठेवून त्याच हाताने तिला उंबर द्यायचं त्याच्या जिवावर येऊ लागलं. मग तिचं खाणं टाकायचं काम त्याने केंद्राच्या चौकीदारावर, सोमाजीवर सोपवलं. हे सगळं एकदा संपू दे, मग निवांत तिच्याजवळ बसू, असं तो मनाशी म्हणायचा.

उन्हाळा सरता सरता एक सकाळ अशी आली की चापट पडली आणि पाणी दुभंगलं. अख्खी तुकडी पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन दाटीवाटीने तळाला चिकटली. मनसारामने हात पाण्यातच ठेवला. कुणी आलं नाही. त्याने दुसऱ्या दिवशी मॅडमला बोलावलं, साहेबांना बोलावलं, सगळ्यांसमोर चापट मारली. कुणी आलं नाही. मॅडमने टाळी वाजवायला हात उचलले, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली घेतले.

यंदा पुराचं पाणी ओसरल्यावर त्यांना डोहात सोडलं. मनसाराम बादल्यांना हात लावायला गेला नाही, लांब उभा राहिला.

नंतर काही दिवसांनी धनराज केंद्रावर आला. सायकल लावायच्या आधीच बोलू लागला, "मोठेबाबा, आज घाटावर चापट मारली. तुमचे खवल्ये होते नं काठाले, दिसले मले. चापट पडली अन् बंदुकीतून सुटावं तसे गेले डोहात! जाळं कोरडंच. आता आमी का खाचं?" आणि तो हसला. मनसारामही हसला. मग त्याने पुतण्याला आणखी एकदा तेच सांगायला लावलं. चापट मारली तेव्हा ते किती लांब होते? सगळे गेले का? एकही थांबला नाही? एकही नाही, धनराज म्हणाला.

दुपारी मनसाराम डोहावरच्या उंबराखाली गेला. चांगली पिकलेली, मऊ फळं वेचली, धोतराच्या सोग्यात बांधली. काम फत्ते झालं होतं. आता फक्त बुढी आणि तो. गोल टाकीजवळ आला, हात धुतले, वाकला, आणि जुन्या मायेने, हलकेच, एक चापट मारली.

टाकीत धाडकन आवाज झाला. बुढी तळातून उसळून आंधळ्या बाजूने भिंतीवर आपटली होती. वळली, दुसऱ्या भिंतीवर आपटली. मग सगळ्यात लांब जागा शोधून तिथे सिमेंटला अंग लावून थरथरत राहिली. गोल टाकीत लांब जागा ती केवढी असणार?

मनसारामला आधी काही कळलंच नाही. मग त्याने मान वळवून पाहिलं. दोन टाक्यांच्या मध्ये एकच भिंत होती. त्या भिंतीपलीकडे त्याने सगळा उन्हाळा पाणी झोडपलं होतं. चापट, आणि चापटीनंतर मार. चापट, आणि चापटीनंतर मार. एका डोळ्याची ती म्हातारी इथे एकटी पडून रोज ते अंगावर घेत होती. नदीत जे जाणार होते ते भीती घेऊन मोकळे झाले. जिला कुठेच जायचं नव्हतं तीही तेच शिकून बसली होती.

"बुढे," तो म्हणाला. "बुढे, मी हाव वो." पण माशाला माणसाचं बोलणं काय कळणार? तिला त्याची एकच भाषा कळत होती, आणि तिचा अर्थ त्यानेच बदलून टाकला होता. तो रडला. सोमाजी फाटकाशी होता, त्याने पाहिलं आणि तो तोंड फिरवून बिडी पेटवायला लागला.

खूप वेळाने मनसारामने सोगा सोडला. उंबरं एकेक करून, पाण्याला अजिबात न सांगता, कडेने आत सोडली. मग बुढीला खाता यावं म्हणून तो तिथून उठून गेला.